मुनशीकाकांची चतुःसीमा

"वगैरे" हा शब्द तोंडून निसटला, की आजही मी दचकून मागे बघतो. मागे कुणी नसतं. पण दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या खुर्चीमागे एक टेबल असायचं, टेबलामागे मुनशीकाका असायचे, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणायचे, "वगैरे म्हंजी काय वो मास्तर? वगैरे म्हंजी शेजाऱ्याच्या वावरात ठिवलेला पाय. काढा तो."

मी पाय काढायचो. म्हणजे शब्द काढायचो.

मुनशी हे त्यांचं आडनाव नव्हतं, तो धंदा होता. बिलोलीच्या तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज, खरेदीखतं, वाटणीपत्रं लिहिली. बायको गेल्यावर मुलाकडे लातूरला आले. मुलाच्या फ्लॅटमध्ये त्यांना काहीच कमी नव्हतं, आणि नेमका तोच त्यांना त्रास होता. लिहायला काही नाही, खोडायला काही नाही. घरात आलेल्या लग्नपत्रिकांमधल्या चुका ते लाल पेनानं दुरुस्त करून ज्याच्या त्याला परत पाठवायचे. सून घाबरून पत्रिका लपवायला लागली होती.

आमचं ऑफिस औसा रोडला, एका औषध दुकानाच्या वर. माणसं, पुढं आलेले मुनशीकाका धरून, पाच. मी वीस वर्षं क्लासमध्ये इंग्रजी शिकवून घसा घालवलेला गृहस्थ. मालकीण आमच्या मॅडम, लातूरच्याच एका आडत व्यापाऱ्याची लेक, पुण्यातली नोकरी सोडून गावी परतलेली. काम परदेशातल्या एका कंपनीचं, आणि ते काम समजावून सांगताना मी आजही वर्गात असल्यासारखा उभा राहतो, म्हणून जरा सांभाळून घ्या.

जगात असे बाजार आहेत जिथं माल नसतो, नुसता प्रश्न असतो. अमुक निवडणूक अमुक तारखेआधी होईल का? सोनं अमुक भावाच्या वर जाईल का? लोक त्यावर 'हो' किंवा 'नाही' घेतात, आणि 'हो'चा भाव शून्य ते शंभर यांच्यात खालीवर होतो. भाव बासष्ट असला तर समजायचं, बाजाराच्या मते ही गोष्ट घडण्याची शक्यता शंभरात बासष्ट आहे. आमच्या कंपनीचा एआय एजंट असे प्रश्न शोधून लोकांना उत्तरं द्यायचा. त्यासाठी त्याच्या हाताशी तीन टूल्स होती. एक शब्दांवरून प्रश्न शोधणारं, दुसरं एका प्रश्नाचा आजचा भाव सांगणारं, तिसरं जुन्या, निकाल लागलेल्या प्रश्नांचं काय झालं ते सांगणारं. गंमत अशी, की एजंटाला टूलच्या आत काय आहे ते दिसत नाही. त्याला दिसतात फक्त बाहेर लिहिलेल्या चार ओळी, टूलचं वर्णन. त्या चार ओळी वाचून तो ठरवतो, कोणत्या कामाला कोणतं टूल. ओळी भोंगळ असल्या की एजंट भलतीकडे जातो. त्या ओळी लिहिणं आणि त्या चालतात का ते तपासणं, एवढंच आमचं काम. लिहिणारा मी.

ऑफिसचा भाडेकरार लिहायला घरमालकानं मुनशीकाकांना आणलं. दस्त कधी बसून वाचायचा नाही, असा त्यांचा नियम. ते उभे राहून खणखणीत आवाजात करार वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्यांची नजर माझ्या स्क्रीनवर पडली. करार अर्ध्यावर राहिला.

"हे काय लिहून राहिले?"

मी ऐटीत सांगितलं. फळ्यासमोर आयुष्य गेल्यामुळे मला काहीही ऐटीतच सांगता येतं. एआय झालं, एजंट झालं.

"एजंट म्हंजी मुखत्यार," ते म्हणाले. "मालक घरी बसला, आन् हा मालकाच्या नावानं गावभर फिरून राहिला."

"तसंच."

"आन् तुमचा हा कागद वाचून तो ठरवतो, कुठं जायाचं?"

"हो."

"मग सांगा की मराठीत, काय लिवलंय."

मी सांगितलं: हे शक्तिशाली टूल सर्व बाजारांमध्ये शोध घेऊन ताजे भाव, माहिती वगैरे देते.

काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "शक्तिशाली? तेला काय कुस्ती खेळायची हाय?" मॅडम फसकन हसल्या. "आन् याला चतुःसीमा कुठाय?"

जमिनीच्या प्रत्येक खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेला कुणाचं वावर, पश्चिमेला कोणता ओढा, दक्षिणेला गाडीवाट, उत्तरेला कुणाचा बांध. जमीन कशी आहे हे कुणी दोन ओळींत लिहील, पण ती कुठं संपते हे चारी दिशांनी लिहावंच लागतं. "नुसतं काळी कसदार जमीन असं लिवलं," काका म्हणाले, "तर मुखत्यार कुणाच्याबी वावरात नांगर घालील. तेची काय चूक?"

मी त्यांचे आभार मानले, दारापर्यंत सोडलं, आणि ते जिना उतरल्यावर त्यांची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

पुढच्याच आठवड्यात मॅडमचे वडील ऑफिस बघायला आले. अप्पा. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, बोलण्यात आडत. लेकीनं काय केलंय ते बघावं म्हणून त्यांनी एजंटाला मराठीत विचारलं, "आज बाजारात सोयाबीनचा भाव काय निघाला?"

एजंटानं माझं वर्णन वाचलं. त्यात बाजार होता, भाव होता. तो आत गेला, सोयाबीनचा भाव अमुक आकड्याच्या वर जाईल का असा कुठला तरी प्रश्न त्याला सापडला, आणि त्यानं नम्रपणे सांगितलं, "बासष्ट."

"बासष्ट?" अप्पा म्हणाले. "कशाचे बासष्ट? किलोचे? पसाभराचे? पोरी, हे तुझं मशीन माझ्या दुकानात बसवलं तर शेतकरी मला काट्यावर बसवतील."

अप्पा चहा न पिता गेले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, थेट फोन उचलला. "काका, उद्यापासून येता का?"

पलीकडून पहिला प्रश्न आला, "माय, हा मटका तर न्हाई?" मॅडमनी शपथेवर सांगितलं, की आपण कुणी पैज लावत नाही, फक्त पैजांच्या दफ्तराचं पान कुठं सापडेल ते लिहितो. "मग येतो," काका म्हणाले. "दफ्तराचं काम आपल्याला पटतं."

असं माझ्या खुर्चीमागे ते टेबल आलं.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून सुरू करू? पहिल्याच दिवशी ते घरून स्टीलचे तीन डबे घेऊन आले. तीन टूल्स, तीन डबे. प्रत्येक डब्यावर माझ्या वर्णनाचं मराठी चिकटवलं, आणि जो कुणी जिना चढून येईल त्याला उभं करून परीक्षा सुरू. कुरिअरवाला, खालचा औषधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कुणाची सुटका नाही.

"डबा उघडायचा न्हाई. कागद वाचा. आता सांगा, मागच्या टायमाला लोक म्हनले व्हते सोनं वाढंल, ते खरं निघालं का? कोणता डबा उघडाल?"

मीटरवाला बराच विचार करून दुसऱ्या डब्याकडे बोट दाखवायचा. उत्तर तिसरा. काका माझ्याकडे वळायचे. "मास्तर, तुमचा दुसरा कागद तिसऱ्याच्या बांधावर बसून राहिलाय."

मी चिडायचो. "काका, एआय म्हणजे मीटर बघणारा माणूस नाही. त्यानं जगातली सगळी पुस्तकं वाचलीत."

"वाचली असतील. हुशार हाय, मान्य. पण गावचा न्हाई ना तो. परगावचा हुशार माणूस रस्ता इचारत न्हाई, म्हून जास्त चुकतो."

तिसऱ्या डब्यात खरं तर त्यांची शेंगदाण्याची चटणी असायची. हे एकदा फुटलं, तेव्हापासून प्रश्न कोणताही असो, औषधवाला तिसऱ्याच डब्याकडे बोट करायला लागला. काकांनी त्याला परीक्षेतून कायमचा वगळला. "तेचा आता हितसंबंध झाला," ते गंभीरपणे म्हणाले.

दुसरी तऱ्हा खाडाखोडीची. कीबोर्डवरच्या डिलीट बटणाचा त्यांना मनापासून संताप होता. "खोडलेलं दिसलं पायजे," ते म्हणायचे. "माणूस काय लिवतो त्याच्यावरून न्हाई कळत. काय खोडतो त्याच्यावरून कळतो." म्हणून वर्णनात मी जो बदल करीन त्याची छापील प्रत त्यांना द्यायची. त्यावर ते जुनं वाक्य हातानं आडवी रेघ मारून खोडायचे, समासात 'खाडाखोड कबूल' लिहायचे, आणि मला तिथं सही करायला लावायचे. प्रत्येक वेळी. एका स्वल्पविरामासाठी मी सही केली आहे. त्या प्रती ते लाल फितीनं बांधून आपल्या कापडी पिशवीत ठेवायचे.

माझ्या मते हा सगळा पोरखेळ होता. त्याच फितीत मी सापडेन, हे मला कुठं ठाऊक होतं?

झालं असं. कंपनीनं कळवलं, की तीन गावांतल्या तीन ऑफिसांना हेच काम दिलंय. प्रत्येकानं आपापली वर्णनं पाठवायची, सोबत आपल्याकडच्या परीक्षेत ती किती बरोबर चालली तो आकडा, आणि तपासणाऱ्याची सही. त्यावरून पुढच्या वर्षाचं काम ठरणार. मॅडमनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "हे काम गेलं तर दिवाळीनंतर ऑफिस बंद. मी लपवणार नाही."

माझं वय बावन्न. क्लासमध्ये परत जायला घसा नाही. ऑफिसातल्या बाकीच्या दोन मुली नुकत्याच नोकरीला लागलेल्या. मी त्या दिवशी घरी गेलो आणि पहिल्यांदा जेवताना बोललो नाही. बायकोनं ताप बघितला.

कंपनीनं सरावासाठी शंभर प्रश्न दिले होते. एजंटाला एकेक प्रश्न द्यायचा, तो बरोबर टूलकडे जातो का, बरोबर शब्दांनी शोधतो का, ते मोजायचं. माझं वर्णन पहिल्यांदा चाललं तेव्हा एकाहत्तर आले. चुकलेले एकोणतीस मी समोर घेतले आणि वर्णनात दोन वाक्यं वाढवली. ऐंशी. उरलेले वीस घेतले, आणखी वाक्यं. अठ्ठ्याऐंशी. माझ्या अंगात आलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी शहाण्णव आले, आणि मी खुर्चीवर चढून उभा राहिलो. पेढे आणले. मॅडमनी अप्पांना फोन लावला. राहिली होती फक्त मुनशीकाकांची सही.

काकांनी पेढा बाजूला ठेवला आणि चारही प्रती घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले.

"मास्तर, 'विचारणाऱ्याच्या प्रश्नात विमानतळ किंवा उद्घाटन आल्यास' हे वाक्य कधी घातलं?"

"ऐंशीनंतर."

"ऐंशीच्या टायमाला विमानतळाच्या उद्घाटनाचा प्रश्न चुकला व्हता."

"हो. म्हणून तर घातलं."

"आन् हे चक्रीवादळ?"

"तोही चुकला होता."

काकांनी चष्मा काढला. "म्हंजी तुमी साक्षीदाराला पढवून राहिले."

आणि मग, ऑफिसात सगळे कामं सोडून ऐकत असताना, त्यांनी बिलोलीच्या कोर्टातला एक साक्षीदार सांगितला. वकिलानं त्याला आठ दिवस घोकून घेतलं होतं. काय विचारतील, काय सांगायचं, सगळं क्रमानं. कोर्टात उभा राहिला. पण नावही विचारतील हे वकील विसरला होता, आणि जज्जसाहेबांनी आधी नाव विचारलं. साक्षीदार ताठ मानेनं म्हणाला, "सांजच्याला साडेसहाला." साहेबांनी विचारलं, बापाचं नाव? "विहिरीच्या बाजूनं आला, हातात कुऱ्हाड व्हती."

सगळे हसले. मी हसलो नाही.

"शंभर प्रश्नांची उत्तरं तेला पाठ हाईत," काका म्हणाले. "एकशे एकावा इचारला तर?"

"एकशे एकावा कोण विचारणार?"

"लोक."

ते उठले, पिशवी घेतली आणि निघून गेले. दिवसभर परतले नाहीत. नंतर कळलं, की ते बसस्टँडवर, मार्केट यार्डात आणि क्लासेसच्या गल्लीत फिरत होते. उद्याबद्दल लोक आपसांत कसं बोलतात ते ऐकत, अर्ज लिहिण्याच्या वळणदार अक्षरात टिपत. संध्याकाळी त्यांनी चाळीस प्रश्न मॅडमच्या टेबलावर ठेवले. एकातही 'शक्यता' हा शब्द नव्हता. 'आरक्षणाचं कोर्टात काय दिसून राहिलं?' 'सोनं आता घिऊ का दिवाळीनंतर?' 'परीक्षा पुढं ढकलत्यात म्हणे, खरं का?'

"चालवा," ते म्हणाले.

चालवले. चाळीसपैकी तेवीस.

मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मात्र उभ्या उभ्या पेटलो. "काका, कंपनीनं शंभर प्रश्न दिलेत. शंभरात शहाण्णव आलेत. हे तुमचे चाळीस तुम्हाला कोणी मागितले होते?"

"माझी सही मागितली ना? म्हून काढले."

"बाकीची दोन ऑफिसं काय पाठवणार आहेत असं वाटतं तुम्हाला? सत्त्याण्णव पाठवतील! आणि आपण काय पाठवायचं, तेवीस?"

"आपलं जे हाय ते."

"दिवाळीनंतर सुनेच्या पत्रिका तपासत बसायची पाळी येईल!"

हे मी बोलायला नको होतं. दोन्ही मुलींनी खाली बघितलं. काका म्हणाले, "येऊ द्या की. पत्रिकेत बापाचं नाव चुकलं तर लग्न थांबत न्हाई. हितं बासष्ट म्हनलं आन् कुणी खरं मानलं, तर?"

मॅडम खिडकीशीच होत्या. त्यांनी न वळता विचारलं, "काका, तुम्ही सही केलीच नाही, तर?"

"तर माझ्या सहीबिगर पाठव, माय. मी काई म्हननार न्हाई. पण कागदावर माझं नाव नको."

मुदत संपायला दोन दिवस होते. शहाण्णव पाठवायला एक बटण लागत होतं. मॅडम तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या मनात 'बासष्ट' ऐकतानाचा अप्पांचा चेहरा होता. वळल्या तेव्हा मला म्हणाल्या, "सर, पुन्हा लिहायचं."

पुढचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. काकांनी आधी आपले चाळीस प्रश्न पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. "हे साक्षीदार आता कोर्टाबाहेर. तुमी बघितलेत, हे बाद. शेवटच्या दिवशी नवे आनतो. तवर तुमी फक्त जमिनीकडं बघा."

मग चतुःसीमा. पूर्वेला: हे टूल कशासाठी, एका वाक्यात, मीटरवाल्याला कळेल असं. पश्चिमेला: कशासाठी नाही, गावच्या बाजारात धान्याला काय भाव निघाला त्याच्यासाठी नाही, बासष्ट म्हणजे रुपये नाहीत. दक्षिणेला शेजारचं टूल, आणि त्याची हद्द कुठून सुरू होते. उत्तरेला: काहीच सापडलं नाही तर काय, "सापडलं न्हाई असं सांगावं, मनानं भरू नये." विमानतळ खोडलं, उद्घाटन खोडलं, चक्रीवादळ खोडलं. माझी लाडकी अकरा वाक्यं गेली. प्रत्येकाच्या समासात मी सही केली. प्रत्येक वाक्य इंग्रजीत लिहून झालं की काका मला ते मराठीत सांगायला लावायचे, आणि मराठीत सांगताना मी अडखळलो की म्हणायचे, "इंग्रजीतबी कळलेलं न्हाई तुमाला. परत."

मी वीस वर्षं पोरांना हेच उलटं सांगत आलो होतो: मराठी विसरा, इंग्रजीतच विचार करा.

शेवटच्या दिवशी सकाळी ते लातूरजवळच्या मुरुडच्या आठवडी बाजारातून चाळीस नवे प्रश्न घेऊन आले. मुरुड माझं गाव; तिथं तर जाऊ नका असं मी मनातल्या मनात म्हणत होतो, कारण आमच्या गावची माणसं सरळ प्रश्न कधी विचारत नाहीत. चालवले. मॅडम मोठ्यानं मोजत होत्या, आणि तिशीच्या पुढं गेल्यावर त्या उभ्या राहून मोजायला लागल्या.

चाळीसपैकी चौतीस.

काकांनी वर्णन हातात घेतलं, उभे राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "बागुंदी." बिलोलीकडं, तेलंगणाच्या सीमेवर, हा तेलुगू शब्द सहज येतो. छान झालंय, असा अर्थ. त्यांनी मला तो एकदाच म्हटला. मग सही केली, आणि सोबत एक पानभर खुलासा जोडायला लावला: न जमलेले सहा प्रश्न कोणते, आणि सरावाच्या शंभरात आधी आलेले शहाण्णव का धरू नयेत.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत ऑफिसात कुणी कुणाची नक्कल केली नाही.

आलं ते असं. कंपनीनंही आपले स्वतःचे लपवलेले प्रश्न ठेवले होते. आमचं वर्णन पहिलं आलं नाही, दुसरं आलं. पण आम्ही सांगितलेला आकडा आणि त्यांना मिळालेला आकडा जवळजवळ एकच निघाला, आणि हे तिघांपैकी फक्त आमच्या बाबतीत घडलं होतं. म्हणून वर्णनं लिहिण्याचं काम पहिल्या आलेल्या ऑफिसात आणि आमच्यात वाटून, आणि परीक्षेचे प्रश्न काढण्याचं सगळंच्या सगळं काम आम्हाला. वर्षभर. अट एक: प्रश्न काढणारा आणि वर्णन लिहिणारा यांनी एका जागी बसायचं नाही, आणि कामाबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही.

मॅडम हसता हसता रडल्या. दोन्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी अट दोनदा वाचली.

"बरोबर हाय," मुनशीकाका म्हणाले. "असंच पायजे." आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की मला राग आला.

त्यांची लेक नांदेडला असते. ते तिकडे गेले, आणि तिथूनच प्रश्न पाठवायला लागले, थेट मॅडमकडे, त्यांना माझा वाराही न लागू देता. माझ्या मागचं टेबल रिकामं झालं. त्यानंतर माझी वर्णनं परीक्षेला जातात, आकडा परत येतो, कुठं चुकलो ते कळत नाही. फोनवर आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो. एकदा मी अगदी निरागसपणे विचारलं, "काका, नांदेडचे लोक हल्ली कशाबद्दल बोलतात?" फोन ठेवल्याचा आवाज आला.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी नांदेडला गेलो, तेव्हा त्यांना भेटलो. वजिराबादेत एका हॉटेलात चहाला बसलो. काका वाळले होते, पण डोळे तसेच. पंखा फिरत होता, आम्ही गुडघेदुखीवर बोलत होतो, आणि शेजारच्या टेबलावरचा एक मंडपवाला फोनवर कुणाशी तरी भांडत होता.

"आरं पण गणपतीतच इलेक्शन लागलं तर? माझ्याकडं मोठा मंडप एकच हाय! गणपतीला देऊ का इलेक्शनला, तेवढं सांग ना तू!"

काकांचा कप हवेतच थांबला. हात आपोआप खिशाकडे गेला, कागद निघाला, पेनचं टोपण निघालं. मीही चहा विसरलो होतो. काय प्रश्न होता! निवडणूक कधी, एवढाच त्याचा गाभा, पण तारीख नाही, शक्यता नाही, भाव नाही. सगळा मंडपच मंडप. माझं त्या वेळचं वर्णन या प्रश्नापुढं शंभर टक्के आडवं झालं असतं.

काकांनी पेन कागदाला टेकवलं, आणि मग सावकाश माझ्याकडे बघितलं.

"मास्तर. ऐकलं का तुमी?"

नाही म्हणणं मला काय अवघड होतं? माझं आयुष्य अभिनयात गेलेलं. 'काय, काका?' असं कानाला हात लावून म्हटलं असतं, तर त्यांनी तो प्रश्न लिहिला असता, मी लातूरला जाऊन एक वाक्य वाढवलं असतं, आणि कुणाला कधीच कळलं नसतं. माझा आकडाही गेले दोन महिने रडत होता.

"ऐकलं, काका," मी म्हणालो.

त्यांनी पेनला टोपण लावलं. कागदाची घडी परत खिशात गेली.

"लई चांगला व्हता वो," ते हळहळून म्हणाले.

आणि हातचं गिऱ्हाईक निघून चालल्यासारखे आम्ही दोघं, तो मंडपवाला फोनवर बोलत बोलत उठून रस्ता ओलांडेपर्यंत, त्याच्याकडे बघत बसलो.